किल्लीवाल्याचा घाम

गल्लीत त्याला किल्लीवाला म्हणत. समोर असला की काका, पाठ वळली की तिकडचा. तिकडचा म्हणजे नेमका कुठला, हे विचारलं असतं तर निम्म्या गल्लीने डोकं खाजवलं असतं. डोंगरापलीकडचा, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. आणि डोंगरापलीकडचे लोक कसे असतात तेही ठाऊक होतं, कारण ज्याच्याशी कधी चार शब्द बोललो नाही त्याच्याविषयी छातीठोकपणे बोलणं फार सोपं असतं. तिकडचे लोक गोड बोलतात. तिकडचे लोक आपसातच सोयरिकी करतात. तिकडच्यांच्या बोटांत हाडंच नसतात. हे शेवटचं चेअरमन सांगत, आणि सांगताना स्वतःची जाडजूड बोटं हवेत नाचवून दाखवत.

चेअरमन म्हणजे कोपऱ्यावरच्या चार मजली इमारतीच्या सोसायटीचे चेअरमन. ती खुर्ची त्यांनी इतकी वर्षं धरून ठेवली होती की त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवावं लागत असेल.

त्याच इमारतीच्या जिन्याखाली किल्लीवाल्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक बाक, बाकाला आवळलेला, किल्ली पकडायचा व्हाइस, कानशींचा डबा, कोऱ्या किल्ल्यांच्या माळा आणि मागे पडद्याआड राहायची खोली. तरुणपणी बायकोला घेऊन तो इथे आला तेव्हा ही जागा झाडू-बादल्या ठेवायची होती. पितळेचा कीस त्याच्या नखांत, भुवयांत, कधी कधी जेवणाच्या ताटातही चमके. बायको म्हणायची, "लग्नात सोनं घातलं नाहीत, आता भातातून घालताय होय?"

दुकानात पाहण्यासारखी एकच वस्तू होती. मागच्या भिंतीवर एक लांब फळी, फळीवर खिळ्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खिळ्याला एक किल्ली. गल्लीतल्या बहुतेक घरांची जास्तीची किल्ली तिथे टांगलेली असे. चिठ्ठी नाही, नंबर नाही, रंगीत दोरा नाही. कोणी बाजारातून पिशव्या सांभाळत यायचं, कोणी ऑफिसातून, दाराशी पोचल्यावर खिसे चाचपायचं आणि जिन्याखाली यायचं. "काका, पुन्हा विसरले हो." तो मान वर न करता हात मागे न्यायचा आणि बरोबर तीच किल्ली काढून द्यायचा. याचे पैसे त्याने कधी घेतले नाहीत. बायकोला ते पटत नसे, पण तिलाही मनातून कळत होतं. त्याला कोणी विचारलं असतं, की बाबा रे, तू इथला कशावरून, तर त्याने तोंड उघडलंच नसतं. फळीकडे बोट दाखवलं असतं.

कुलूप उघडण्याची कला तो बापाकडून शिकला होता, आणि कुलूप न उघडण्याचीही.

हे जरा सांगायला हवं. साधं कुलूप त्याच्यासारख्या माणसाला उघडायला किती वेळ लागतो? तुम्ही नाक शिंकराल तेवढा. पण बापाने त्याला हाताशी धरून बजावलं होतं, "पोरा, आपण परक्यांच्या दारात बसून पोट भरतो. चटकन उघडलंस तर लोक दोन गोष्टी म्हणतात. एक, एवढ्याशा कामाचे एवढे पैसे? ती सोसता येते. दुसरी, हा माझ्या घरात कधीही शिरू शकतो. ती सोसत नाही." म्हणून डोंगरापलीकडून आलेला प्रत्येक किल्लीवाला आधी उसासा टाकतो. मग एक तार घालतो, मान हलवतो, दुसरी तार काढतो. कपाळ पुसतो. "जुनं आहे हो," म्हणतो, किंवा "नवीन आहे हो," म्हणतो, जे असेल ते. कुलूप केव्हाच राजी झालेलं असतं. एक हात ते उघडत असतो आणि दुसरा हात ते धरून ठेवत असतो. मग माणसांच्या चेहऱ्यावर काळजी नीट मुरली, की खट्. त्यांच्यात याला घाम दाखवणं म्हणत. ज्याला घाम दाखवता येत नाही त्याला कोणी शागीर्द म्हणूनही ठेवत नसे.

गल्लीत हे एकाच माणसाला माहीत होतं. पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंना.

तो गल्लीत नवीन होता तेव्हाची गोष्ट. नर्सबाई सरकारी दवाखान्यातून ड्यूटी संपवून आल्या होत्या. नवरा नुकताच गेलेला. शेजारणीने त्यांचं लहान पोर घरात निजवलं आणि खाली जाताना दार ओढून घेतलं. लॅच लागलं, किल्ली आत, पोर जागं होऊन आतून किंचाळतंय आणि गॅसवर दूध. किल्लीवाला हत्यारांची पिशवी घेऊन वर गेला, दारासमोर उकिडवा बसला आणि शिकवल्याप्रमाणे उसासा टाकून त्याने पहिली तार घातली. नर्सबाई त्याच्या डोक्यावरून वाकून बघत होत्या. चेहऱ्याकडे नाही, बोटांकडे.

"ए," त्या म्हणाल्या, "हात थांबलाय तुझा. उघडलंय ते."

"नाही हो बाई, जुनं आहे..."

"रोज हजार माणसांना सुई टोचते मी. कुणाचा हात काम करतोय आणि कुणाचा नुसता थरथरतोय, मला शिकवू नकोस. माझ्या दारात नाटक नको. उघड."

त्याने उघडलं. पोर उचललं, गॅस बंद झाला, दूध भांड्याच्या काठापर्यंत आलं होतं. मग त्या दारातच खाली बसल्या आणि पोट धरून हसत सुटल्या. हसता हसता रडल्याही. "भामटा आहेस," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आपली जास्तीची किल्ली घेऊन खाली आल्या. "माझा काही भरवसा नाही, मी रोज विसरणार. ठेव तुझ्याकडे." त्या किल्लीसाठी त्याने भिंतीत पहिला खिळा ठोकला. फळी नंतर आली.

पुढे त्याची मुलगी जन्मली ती नर्सबाईंच्याच हातावर. दुपारी दुकानातल्या स्टुलावर येऊन बसायची त्यांना सवय लागली. यायच्या, त्याच्या बायकोशी गप्पा मारायच्या, त्याचा रक्तदाब बघायच्या आणि वर त्याला चार शिव्या देऊन जायच्या. सगळ्यांशी तो अहो-जाहो, मान खाली. नर्सबाईंशी मात्र तो भांडायचा. घाम दाखवण्याची गोष्ट त्यांनी कोणाजवळ काढली नाही. कोणी दाराबाहेर अडकलं आणि तो जिन्यावर घाम पुसत बसला असला की त्या वरून जाताना फक्त खोकायच्या.

अशी वर्षं गेली. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. नर्सबाई म्हाताऱ्या झाल्या, मुलगा मोठ्या पगारावर लागला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. तो आईला ये म्हणायचा, त्या जात नसत. "तिथं खाली जिना आहे, पण जिन्याखाली कोणी नाही," असं त्यांचं म्हणणं.

मग मागच्या गल्लीत चोरी झाली.

घर बंद होतं. दागिने गेले, दाराला ओरखडा नाही, कुलूप जसंच्या तसं. लोकांना एवढं पुरलं. चेअरमनची बोटं दिवसभर हवेत नाचत होती. "मी कुणाचं नाव घेत नाही," असं ते प्रत्येकाला थांबवून सांगत, आणि ते नाव न घेतल्याने जेवढा बभ्रा झाला तेवढा घेतल्याने झाला नसता.

पहिली किल्ली तिसऱ्या मजल्यावरच्यांनी नेली. "पाहुणे येणारेत, त्यांना लागेल." त्याने काढून दिली. दुसऱ्यांनी सांगितलं, नवीन दार बसवतोय. मग कारणं सांगायचाही लोकांना कंटाळा आला. येत, हात पुढे करत, फळीकडे बघत. एका बाईने किल्ली घेतल्यावर ती उलटसुलट करून बघितली, जणू त्याने ती चाटली होती. तो प्रत्येकाला "ठीक आहे" म्हणत होता. लोकांनी नवी कुलुपं आणली ती बाजारातल्या मोठ्या दुकानातून, आणि बसवून घेतली सुताराकडून. तिथेच जिन्याखाली बसून त्याला वरच्या मजल्यांवर ड्रिल फिरताना ऐकू येत होतं.

पुढे पोलिसांना कळलं की चोरी त्या घरातल्याच भाच्याने केली होती. भाचा इथलाच, जन्म इथला, शिक्षण इथलं. गल्लीने दोन दिवस हळहळ केली. "संगत वाईट," म्हणाले. किल्ली मात्र कोणी परत आणली नाही. संशय आला तेव्हा सगळे पायऱ्या धडाधड उतरून आले होते; तो फिटल्यावर कोणाला गुडघे दुखत होते, कोणाला वेळ नव्हता.

नर्सबाईंची किल्ली शेवटपर्यंत फळीवर होती. ती न्यायला त्यांचा मुलगा आला. तेच आतून किंचाळणारं पोर, आता केस पांढरे व्हायला लागलेलं.

"काका, आईची किल्ली द्या जरा. गैरसमज नका करून घेऊ. सगळेच घेतायत म्हणून."

"छे छे, दादा. गैरसमज कसला."

खिळ्यावरून ती काढताना मात्र त्याचा हात चुकला, किल्ली खाली पडली आणि मुलालाच वाकून उचलावी लागली. त्याच आठवड्यात मुलाने आईच्या दाराबाहेर लोखंडी जाळीचा दरवाजा बसवला. जाळी एवढी बारीक की करंगळी जाणार नाही. वर बड्या कंपनीचं लॅच. दुकानदाराने सांगितलं होतं, चोराच्या बापालाही उघडता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई कठडा धरत धरत खाली आल्या. नवी किल्ली बाकावर आपटली.

"घे. याची एक काढ आणि टांग तिथं माझ्या खिळ्याला."

त्याने किल्ली हातात घेतली. नुसत्या दातांवरून बोट फिरवलं आणि त्याला कळलं, कुलूप म्हणजे वरचा भपका. आत काही नाही.

"नको बाई," तो म्हणाला.

"नको म्हणजे?"

"दादांना कळलं तर... उद्या काही झालं, सुई हरवली तरी माझ्यावर येईल."

"माझ्या घरात माझी सुई हरवली तर मी बघून घेईन. काढ म्हणते ना."

"नको."

नर्सबाईंनी फळीवरच्या आपल्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. "भित्रा झालास रे," एवढंच म्हणाल्या आणि किल्ली उचलून गेल्या. वरच्या पायरीवर दम घ्यायला थांबल्या तेव्हा खोकल्या, पण ते खोकणं साधंच होतं.

त्या रिकाम्या फळीसमोर त्याची बायको दिवसातून चारदा येऊन उभी राही. तिने हे आधी एकदा पाहिलं होतं, लहानपणी, डोंगरापलीकडे. तिथेही आधी लोकांनी बोलणं थांबवलं होतं, मग व्यवहार, आणि मग एक दिवस दारावर दगड आले होते. "अहो, ऐका माझं," ती त्याला म्हणाली, "बोलावलंच कुणी उघडायला, तर हात आखडता घ्या. नेहमीपेक्षा जास्तच. वाटू दे त्यांना, की म्हातारा झाला, हात चालत नाही याचा. म्हातारा गडी कुणाला नकोसा होत नाही." त्याने मान हलवली. त्यालाही तेच वाटत होतं.

आणि बोलावलं.

उन्हाळ्याची दुपार होती. नर्सबाईंच्या शेजारणीला भिंतीपलीकडून आवाज आला. आधी काही तरी पडल्याचा, मग टक, टक, टक. बाहेर येऊन पाहते तो जाळीचं दार बंद, आतलं लाकडी दार हवेसाठी उघडं, आणि मोरी आत कोपऱ्यात, दिसत नाही. तिने हाका मारल्या. आतून क्षीण आवाज आला. बाई पडल्या होत्या. शेजारीण चेअरमनकडे धावली, चेअरमननी मुलाला फोन लावला. मुलगा तास-दीड तासाच्या वाटेवर. अँब्युलन्स निघाली होती. जाळी तोडायची म्हटलं तर चौकट भिंतीत पक्की. फोनवर मुलगाच ओरडला, "अहो, काकांना बोलवा ना! खालीच आहेत!"

तेव्हा कुठे चेअरमन जिन्याखाली आले. "चल, हत्यारं घे. नर्सबाई पडल्यात."

तो पिशवी उचलून दोन-दोन पायऱ्या चढत गेला. सगळी इमारत जिन्यावर जमली होती. ज्याच्याकडे चोरी झाली तो मागच्या गल्लीतला गृहस्थही कुठून तरी येऊन उभा होता. चेअरमननी वाट करून दिली. "सरका, सरका. बघू या आता यांची करामत." ते वाईट मनाने म्हणाले नसावेत, तोंडाला वळण पडलेलं. पण मागून कोणी तरी हलकेच हसलं. "कळेलच आता, किती सेकंदांत उघडतात ते."

हे शब्द त्याच्या कानात शिरले ते शिरलेच.

तो उकिडवा बसला. चपटी पट्टी लावली, तार घातली. पहिल्याच स्पर्शाला आतला सगळा कारभार त्याच्या बोटांपुढे शरण आला. फक्त मनगट वळवायचं होतं. त्याने ते वळवलं नाही. मानेमागे एवढी माणसं श्वास रोखून उभी होती, आणि ती सगळी त्याच्या बोटांकडे बघत होती. आत्ता खट् झालं तर? या इमारतीतलं प्रत्येक नवं कुलूप, प्रत्येक ड्रिल, सगळं वाया गेल्याचं त्यांना या एका आवाजात कळणार होतं. उद्या कोणी थँक्यू म्हणणार नव्हतं. उद्या जिन्याखालची जागा सोसायटीला लागणार होती, झाडू-बादल्या ठेवायला.

त्याने उसासा टाकला आणि तार बाहेर काढली.

टक, टक. स्टीलचा पेला फरशीवर आपटत होता. मग आवाज आला, "कोण आहे? तू आहेस का रे?"

"हो, बाई. मीच."

"उघड."

"उघडतो, बाई. जरा... नवीन आहे."

आत पेला पुन्हा एकदा आपटला. मग, तुटक तुटक, "नाटक... नको रे."

"काय म्हणतायत?" चेअरमननी विचारलं.

"भान नाही त्यांना," शेजारीण डोळे पुसत म्हणाली. "काहीबाही बोलतायत."

बोलतायत ना, त्याने मनाशी धरलं. दटावतायत, म्हणजे शुद्धीवर आहेत. पाय मोडला असेल. अँब्युलन्स आलीच नाहीये अजून, उघडून तरी काय करणार? अजून थोडं. एक तार बदलेपर्यंत. माणसाला स्वतःला फसवायचं असलं की कारणं रांग लावून येतात, तशी ती आली. तो तार बदलत होता, मान हलवत होता, कपाळ पुसत होता, आणि त्या दिवशीचा घाम खरा होता. सदरा पाठीला चिकटला होता.

"अवघड आहे," तो पुटपुटला.

"असणारच!" चेअरमन म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि काळजीच्या तळाशी समाधान. "बड्या कंपनीचं आहे ते. आमच्याही दाराला तेच आहे."

मग त्याच्या पाठीमागे काहीतरी सैल झालं. त्याला ते न बघता कळलं, कुलूप सैल झाल्यासारखं. माणसं कुजबुजायला लागली. "बिचारा घामाघूम झाला." "वय झालं हो आता." कोणी तरी पुठ्ठ्याने त्याला वारा घालू लागलं. तिसऱ्या मजल्यावरची ती बाई, किल्ली उलटसुलट करून बघणारी, घरातून थंड पाण्याचा पेला घेऊन आली. "घ्या काका. घोटभर घ्या आधी."

किती महिन्यांत या इमारतीतल्या कोणी त्याच्या हातात काही दिलं नव्हतं. त्याने पेला घेतला. माठातलं पाणी होतं, गार. तो ते सगळं प्यायला. पेला परत दिला, तोंड पुसलं, पुन्हा पट्टी हातात घेतली.

आणि मग त्याच्या लक्षात आलं, की टकटक थांबलीय.

"बाई?" त्याने हाक मारली. "बाई!"

मनगट वळलं. खट्. "उघडलं! उघडलं!" सगळे ओरडले, कोणी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि त्या गोंधळात किती लवकर उघडलं हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

नर्सबाई मोरीच्या उंबऱ्यावर आडव्या पडल्या होत्या. डोक्याला खोक, रक्त मोरीकडे ओघळलेलं. पेला हातातच होता. डोळे अर्धवट उघडे होते. तो त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसला आणि हाक मारत राहिला, अँब्युलन्सच्या माणसांनी त्याला बाजूला करेपर्यंत. मुलगा दवाखान्यात पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

संध्याकाळी बायकोने पाण्याची बादली पुढे ठेवली. "किती वेळ लागला?" तिने विचारलं.

"लागला," तो म्हणाला.

तिने टॉवेल पुढे केला. ताट वाढलं, त्याने हात लावला नाही, तिनेही नाही.

नर्सबाईंसाठी सोसायटीच्या आवारात सगळे जमले तेव्हा चेअरमन बोलायला उभे राहिले. बाईंच्या सेवेबद्दल बोलले, शिस्तीबद्दल बोलले. मग त्यांनी मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभ्या असलेल्या किल्लीवाल्याकडे हात केला. "त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं. रक्ताचं पाणी करत होता हा माणूस. इकडचा, तिकडचा, असं काही नसतं हो. हा आपला माणूस आहे." लोकांनी माना डोलावल्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. चेअरमनचं ते बोलणं मनापासूनचं होतं, आणि म्हणूनच किल्लीवाल्याला ते ऐकवेना. एखाद्याने शिवी दिली असती तर त्याने ती ओंजळीत झेलली असती.

किल्ल्या परत यायला लागल्या. पहिली तिसऱ्या मजल्यावरची. "ठेवा काका. आम्ही मेले विसराळू." मग दुसरी, मग इतर. कुलूप एवढं पक्कं असल्यावर आणि म्हाताऱ्याचे हात एवढे थकलेले असल्यावर आता भीती कसली? तो एकेक किल्ली घेऊन खिळ्याला लावत होता. वर्षानुवर्षं ज्या फळीवर त्याचा जीव होता ती पुन्हा भरत चालली होती, आणि तिच्याकडे तोंड करून बसणं त्याला जमत नव्हतं. त्याने बाक फिरवून घेतला. एक खिळा रिकामा होता.

मग एका सकाळी नर्सबाईंचा मुलगा आला. कापडी पिशवीतून त्याने ते लॅच काढलं आणि बाकावर ठेवलं. बरोबर दोन किल्ल्या.

"काढून आणलं. बघवत नाही दारावर." तो त्याच स्टुलावर बसला. "दुसरं काहीतरी साधं लावून द्या. आणि त्याची एक किल्ली... तुमच्याकडे राहू दे. आईची असायची तशी."

"बरं, दादा."

मुलगा लॅचकडे बघत बसला. "डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर..." त्याने एक किल्ली उचलून पुन्हा बाकावर ठेवली. "काका, एक विचारू? खरं सांगाल?"

किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली.

"मीच हे एवढं पक्कं कुलूप आणलं. आई नको म्हणत होती. तुमच्याकडची किल्ली मीच नेली. साधं असतं, पहिल्यासारखं, तर उघडलं असतं ना तुम्ही लगेच?"

पडद्याआड भांड्यांचा आवाज थांबला.

त्याच्या समोर पन्नाशीकडे झुकलेला माणूस बसला होता, आणि त्याला मात्र दाराआड किंचाळणारं पोर ऐकू येत होतं, ज्याच्यासाठी त्याने आयुष्यात एकदाच, सांगितल्याबरोबर, नाटक बंद केलं होतं. एका वाक्यात या पोराचं ओझं उतरलं असतं. दादा, कुलूप टाकाऊ आहे, दोष तुमचा नाही. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. त्याच्या मागे फळी होती. पडद्यामागे बायको होती, जिने दारावर येणारे दगड पाहिले होते.

"हो, दादा," तो म्हणाला. "साधं असतं तर लगेच उघडलं असतं. हे पक्कं होतं."

मुलाने मान हलवली, हलवतच राहिला. मग उठला, त्याचे दोन्ही हात हातात घेऊन दाबले आणि रस्त्याने निघून गेला. चालताना म्हातारा दिसत होता.

बायको पडदा सारून बाहेर आली. बाकावरचं लॅच तिने उचललं, त्याच्यापुढे धरलं. किल्ल्या तिने मुठीत ठेवल्या.

"उघडा," ती म्हणाली.

"अगं..."

"मला बघायचंय. उघडा."

त्याने तार घेतली. तिने श्वास आत घेतला होता, तो सोडायच्या आत कुलूप उघडलं.

ती त्या उघड्या कुलपाकडे बघत राहिली. हात आखडता घ्या, हे तीच म्हणाली होती. तिने मूठ उघडून दोन्ही किल्ल्या हळूच बाकावर ठेवल्या आणि पाठ फिरवून आत गेली.

"काका, आहात ना?" जिन्यावरून चेअरमनच्या बायकोचा आवाज आला. ती हातातली किल्ली पुढे करत उतरत होती. "आमची तेवढी राहिली होती बघा. हे म्हणाले, आपल्या माणसाकडे देऊन ये."

त्याने आधी कुलूप बंद केलं, मग हात पुढे केला.